तार तुटली तर?



मागे दूधगंगेच्या काठच्या एका गावी उसाची शिवारफेरी होती. लागणीचे अंतर, खताचे हप्ते, हुमणी असे आमचे नेहमीचे बोलणे चालले होते. तेवढ्यात उजळाईवाडीच्या विमानतळाकडे जाणारे एक विमान डोक्यावरून गेले आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. मागे उभ्या असलेल्या सातवी-आठवीतल्या एका पोराने विचारले, "साहेब, इमान घरात बांधता येतंय म्हणं. मग त्येचं वायरिंग कोण करतंय?"

सगळे हसले. त्याचे आजोबा म्हणाले, "आरं, आधी आपल्या ट्रॉलीचा लाल दिवा लाव, मग इमानाचं बघ!"

मीही हसलो, पण घरी परतताना डोक्यात तेच घोळत राहिले. नातवाचा प्रश्न आणि आजोबांचा टोमणा, दोन्ही एकाच गोष्टीला जाऊन भिडतात. आजचा हा लेख त्या पोरासाठी आहे आणि त्याच्या आजोबांसाठीही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. घरात विमान बांधता येते, आणि ते आपल्याच मराठी माणसाने बांधून दाखवले आहे. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया'चे प्रदर्शन भरले, तेव्हा ते लोकांनी पाहिले. त्यानंतर कागदपत्रांची लांबलचक वाट होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये विमानाची सरकारी नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. गच्चीपासून धावपट्टीपर्यंत पोचायला किती वर्षे लागली, ते यावरून समजून घ्यावे.

अमेरिकेत तर असे घरगुती विमान बांधणाऱ्यांची मोठी संघटना १९५३ पासून आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या ओशकोश गावी दर उन्हाळ्यात त्यांचा मेळा भरतो. आपल्याकडे जत्रेला बैलगाड्या सोडाव्यात, तशी तिथे विमाने ओळीने गवतात उभी असतात. बांधणाऱ्यांत शाळामास्तर, डॉक्टर, सुतार आणि शेतकरीही असतात.

आता दुसरा प्रश्न, वायरिंग कोण करते? पुष्कळदा बांधणारा स्वतःच करतो. पंख आणि सांगाडा झाला की अर्धे काम संपले असे त्याला वाटते, आणि तिथेच खरी परीक्षा सुरू होते. पत्र्याचा सांधा चुकला तर डोळ्याला दिसतो. तारेचा सांधा चुकला तर दिसत नाही. तो आत दडून बसतो आणि अडचणीच्या वेळी दगा देतो.

गंमत अशी, की छोट्या विमानाचे वायरिंग हे तुमच्या ट्रॅक्टरच्या वायरिंगचे सख्खे भावंड आहे. ट्रॅक्टरला बारा व्होल्टची बॅटरी असते. लहान विमानाला बारा किंवा चोवीस व्होल्टची असते. दोघांनाही इंजिनवर फिरणारा अल्टरनेटर असतो, तो बॅटरी भरतो. दोघांनाही स्टार्टर असतो. बॅटरीतून निघालेली वीज एका तांब्याच्या पट्टीवर येते आणि तिथून फ्यूजमधून दिवे, रेडिओ, पंप अशा वाटा फुटतात. मुख्य पाटावरून सऱ्यांना दारे काढावीत, तसाच प्रकार.

मग फरक कशात? फरक आहे एका प्रश्नात. आपला मेस्त्री विचारतो, "दिवा लागला का?" लागला की तो हात पुसतो. विमान बांधणारा दिवा लागल्यावर पुढचा प्रश्न विचारतो, "ही तार तुटली तर काय होईल?" प्रत्येक तारेला, प्रत्येक सांध्याला, प्रत्येक स्विचला हाच प्रश्न. अमेरिकेत बॉब नकल्स नावाच्या अभियंत्याने घरगुती विमानांच्या वायरिंगवर एक पुस्तक लिहिले आहे. त्याची सारी शिकवण याच विचारावर उभी आहे. वस्तू आज ना उद्या बिघडणारच, असे धरून चालावे आणि ती बिघडली तरी माणूस सुखरूप घरी येईल अशी मांडणी आधीच करून ठेवावी.

हा प्रश्न मी का धरून बसलो, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी गळीत हंगामात रात्री मोटारसायकलवरून घरी येत होतो. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला, आणि तो सरला तेव्हा पुढ्यात उसाची ट्रॉली होती. चालती होती, उभी नव्हती, म्हणून वाचलो. उजवा हात मोडला आणि दोन महिने डाव्या हाताने जेवलो. ड्रायव्हर खाली उतरला तो थरथर कापत होता. "साहेब, दिवा लावलाय बघा. स्विच चालूच हाय. तार कुठं तुटली, कळलंच न्हाई."

तो खरे बोलत होता. ट्रॅक्टरवर बसलेल्याला ट्रॉलीचा मागचा दिवा दिसत नाही. स्विच दाबला म्हणजे दिवा लागला, असे तो धरून चालतो. पुढे त्या ट्रॉलीची तार पाहिली. दोन टोके नुसती पिळून वर प्लॅस्टिकच्या पिशवीची चिंधी गुंडाळली होती. हादऱ्याने पीळ सुटला होता. एवढीशी गोष्ट! मी हातावर निभावलो. दर हंगामात किती घरांतली पोरे यावर निभावत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा विमान बांधणाऱ्याचा तो प्रश्न आपण आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला विचारू या.

पहिली गोष्ट फ्यूजची. फ्यूज दिव्यासाठी आहे असे आपल्याला वाटते. तसे नाही. फ्यूज आहे तो तारेसाठी. तारेतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त वीज वाहू लागली की तार तापते, तिचे वेष्टण वितळते आणि शेजारच्या तारा पेटतात. हे होण्याआधी फ्यूजने स्वतः जळून वाट तोडायची असते. म्हणून विमानात आधी तारेची जाडी पाहतात आणि मग तिला शोभेल असा फ्यूज घालतात. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेला साधारण पाच अँपिअरचा फ्यूज असतो. आपण काय करतो? फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो, नाही तर तांब्याची जाड तार बसवतो. म्हणजे राखणदाराला बांधून ठेवून चोराला दार उघडे करून देतो. फ्यूज वारंवार उडत असेल तर तार कुठेतरी घासली आहे, असे समजावे. फ्यूज मोठा करू नये. घासलेली जागा शोधावी.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. पाटाचे पाणी शेतात गेले की मुरते, ते परत विहिरीत यायला लागत नाही. विजेचे तसे नाही. ती बॅटरीच्या एका टोकातून निघाली की दुसऱ्या टोकाला परत आलीच पाहिजे. ट्रॅक्टरमध्ये ही परतीची वाट लोखंडी सांगाड्यातून असते, तिलाच आपण 'अर्थ' म्हणतो. धातूच्या विमानातही सांगाड्यातून वाट देतात. पण काही विमाने लाकडाची किंवा फायबरची असतात. लाकडातून वीज वाहत नाही. म्हणून तिथे प्रत्येक दिव्यासाठी परतीची वेगळी तार ओढतात आणि त्या साऱ्या तारा एका ठिकाणी आणून घट्ट बांधतात.

आता आपली ट्रॉली पाहा. ट्रॉलीच्या दिव्याची परतीची वाट बहुतेक ठिकाणी ट्रॉलीच्या दांड्यातून आणि जोडपिनेतून ट्रॅक्टरच्या हुकात जाते. त्या पिनेला गंज, ग्रीस, चिखल. रस्त्यात खड्डा आला की पीन उचलते आणि दिवा मिचमिचतो. मग आपण म्हणतो बल्ब वाईट, आणि बल्ब बदलतो. बल्ब बिचारा चांगला असतो, त्याची परतीची वाट तुटलेली असते. यावर उपाय स्वस्त आहे. लाकडी विमानासारखे वागावे. ट्रॉली लोखंडाची असली तरी परतीची तार वेगळी ओढावी.

तिसरी गोष्ट हादऱ्यांची. विमानात इंजिनचा हादरा सतत असतो. तिथे एकेरी जाड तार वापरत नाहीत, ती एका जागी वाकून वाकून तुटते. बारीक अनेक तारांचा पीळ असलेली वायर वापरतात. टोकाला तांब्याचे थिंबल दाबयंत्राने घट्ट दाबून बसवतात. नुसता पीळ कधीच देत नाहीत. झाळणेही जपूनच करतात, कारण झाळलेली जागा कडक होते आणि नेमकी तिच्या कडेशी तार तुटते. तार पत्र्याच्या छिद्रातून न्यायची तर छिद्राला रबरी कडे घालतात. ठरावीक अंतरावर ती बांधतात, म्हणजे लोंबकळणार नाही आणि घासणार नाही.

घासलेली तार काय करू शकते, याचे उदाहरण मोठ्या विमानाचेच देतो. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअर कंपनीचे न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेले विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. २२९ माणसे गेली. तपास चार वर्षांहून अधिक चालला. छताच्या आत तारेत ठिणगी पडली आणि जवळचे आच्छादन पेटले, असा निष्कर्ष निघाला. लक्षात घ्या, वाट तोडणारी साधने त्या विमानात होती. पण क्षणभराची ठिणगी त्यांना पकडता येईलच असे नाही. म्हणून फ्यूज असला तरी तार घासू देणे परवडत नाही. ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली उसाचा वाळका पाला अडकलेला असतो आणि शेडमध्ये उंदरांनी वायर कुरतडलेली असते. आग लागायला आणखी काय पाहिजे?

याच भीतीने विमानात बॅटरीच्या अगदी जवळ मुख्य तोड बसवतात. धूर आला, की वैमानिक एकच स्विच पाडतो आणि बॅटरीपासून पुढची सारी वाट मरते. ट्रॅक्टरलाही बॅटरीचा असा मेन स्विच बसवून मिळतो. रात्री ट्रॅक्टर शेडमध्ये लावला की तो बंद करावा. उंदराने तार कुरतडली तरी ठिणगी पडणार नाही.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची, ती म्हणजे दुसरी वाट. समजा, हवेत असताना विमानाचा अल्टरनेटर बंद पडला. आता सारा भार बॅटरीवर. सगळी उपकरणे मिळून २० अँपिअर ओढत असतील आणि बॅटरीत १६ अँपिअर-तासांचा साठा असेल, तर पाऊण तासात बॅटरी संपते. प्रत्यक्षात त्याहूनही लवकर. म्हणून बांधणारा आधीच ठरवतो, की अडचणीत अगदी आवश्यक काय? ती चार-दोन उपकरणे तो एका वेगळ्या पट्टीवर घेतो आणि त्या पट्टीला बॅटरीपासून दुसरी स्वतंत्र वाट देतो. बाकीचे बंद केले, भार ४ अँपिअरवर आणला, की तीच बॅटरी तीन-चार तास पुरते. दुष्काळात टाकीतले पाणी आधी माणसांना आणि जनावरांना, बागेला नंतर. हिशेब तोच.

इंजिनची गोष्ट तर याहून पुढची आहे. लहान विमानांच्या पुष्कळ इंजिनांत ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो असतात. त्यांना बॅटरी लागत नाही, इंजिन फिरते तोवर ते आपली वीज आपणच करतात. बॅटरी मेली, अल्टरनेटर मेला, तरी इंजिन चालत राहते. आणि एक मॅग्नेटो बिघडला तर दुसरा आहेच. मॅग्नेटो बंद करायचा तर त्याची तार सांगाड्याला टेकवावी लागते. म्हणजे ही बंद करणारी तारच तुटली तर मॅग्नेटो बंद होत नाही, जिवंत राहतो. हवेत असताना हे चांगलेच, इंजिन थांबत नाही. पण जमिनीवर कुणी स्विच बंद आहे म्हणून पंखा हाताने फिरवायला गेला, तर इंजिन उसळून हात तोडू शकते. म्हणून जाणता माणूस स्विच बंद असला तरी पंख्याला जिवंत समजूनच वागतो. विजेशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने हे मनावर कोरून ठेवावे. स्विचवर विश्वास ठेवून हात घालू नये. खात्री करावी, मग हात घालावा.

आता ट्रॉलीला बॅटरी न लागणारी दुसरी वाट कोणती? ती आहे लाल रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी. तिला तार नाही, फ्यूज नाही, बॅटरी नाही. मागून येणाऱ्याच्याच उजेडावर ती चमकते. तुमची तार तुटली तरी ती काम करते. ट्रॉलीचा मॅग्नेटोच म्हणा ना! पण ती चिखलाने माखली किंवा उसाच्या वाढ्यांखाली झाकली गेली तर तिचा उपयोग शून्य. फडातून बाहेर पडताना ओल्या फडक्याने पुसायला अर्धा मिनिट लागते.

तर या हंगामाच्या आधी एक दिवस काढावा आणि ट्रॉलीचे वायरिंग नव्याने करून घ्यावे. काम असे करावे:

१. ट्रॅक्टरला सात पिनांचे सॉकेट आणि ट्रॉलीला त्याचा प्लग बसवावा. उघडी टोके अडकवण्याची सवय सोडावी. दोन ट्रॉल्या ओढत असाल तर पहिल्या ट्रॉलीच्या मागेही सॉकेट घ्यावे.

२. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची आणि परतीसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर घ्यावी. परतीच्या तारेतून सगळ्या दिव्यांची वीज एकत्र येते, म्हणून ती जाड हवी.

३. वायर जाड नळीतून न्यावी आणि हात-दीड हातावर बांधावी. चाक, जॅक आणि पीन यांपासून ती लांब राहील असे पाहावे. वळणावर ताणू नये इतकी ढील जोडाजवळ ठेवावी.

४. प्रत्येक टोकाला थिंबल दाबून घ्यावे. जिथे थिंबल स्क्रूने बसते, तिथला गंज आणि रंग घासून लोखंड उजळ करावे.

५. मागचे दिवे बारा व्होल्टचे एलईडी घेतले तर वीज फार कमी लागते आणि हादऱ्याने तारा तुटण्याची भीतीही कमी. दिवे ऊस भरल्यावर झाकले जाणार नाहीत अशा जागी लावावेत.

६. फ्यूज ट्रॅक्टरवर बॅटरीच्या बाजूला ठेवावा, म्हणजे पुढची सारी तार त्याच्या राखणीत येते. वरच्या तारांना दहा अँपिअरचा फ्यूज पुरे. दोन जादा फ्यूज डब्यात ठेवावेत, म्हणजे चांदी गुंडाळण्याची पाळी येणार नाही.

७. हे काम करताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे आणि काम झाल्यावर ते सर्वांत शेवटी जोडावे.

आणि शेवटची गोष्ट पैशाची नाही, सवयीची आहे. वैमानिक कितीही जुना असो, उड्डाणाआधी विमानाभोवती एक फेरी मारतो. दिवे लावून पाहतो, कारण शेपटीचा दिवा त्यालाही बसल्या जागेवरून दिसत नाही. आपणही तेच करावे. दिवस मावळताना ट्रॅक्टर निघायचा असेल, तर घरातल्या कुणालाही ट्रॉलीच्या मागे चार हातांवर, बाजूला उभे करावे. आई असो, कारभारीण असो, शाळेतले पोर असो. ट्रॅक्टर न्यूट्रलला आणि हँडब्रेकवर असावा. ड्रायव्हरने एकेक स्विच दाबावा आणि मागच्याने ओरडून सांगावे, "लाल लागला... ब्रेक लागला... डावा लागला... उजवा लागला." चार शब्द. ते ऐकल्याशिवाय ट्रॉली रस्त्यावर काढू नये, असा घराचा नेमच करावा. ज्या घरात माणूस रात्री उशिरा परततो, त्या घरातल्या बायामाणसांनी हा नेम हातात घेतला, तर तो मोडणार नाही.

शिवारफेरीतल्या त्या पोराला एवढेच सांगतो. बाळा, तू मोठा झालास की खुशाल विमान बांध. कांदिवलीच्या गच्चीवर होऊ शकते, तर तुझ्या अंगणातही होऊ शकेल. पण त्याचे शिक्षण आजच सुरू कर. आजोबांची ट्रॉली घे, मेस्त्रीच्या हाताखाली बस आणि प्रत्येक तारेला विचार, "बाई, तू तुटलीस तर?" ज्या दिवशी त्या प्रश्नाचे उत्तर तुझ्याकडे तयार असेल, त्या दिवशी आजोबांच्या ट्रॉलीचा लाल दिवा लागलेला असेल.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, कागल